मौजे मिठबंदर येथील नवी बोट

बोटीचा वेग आणि बोटीची किंमत या दोहोंपैकी वाढण्यासाठी पाणी लागते ते फक्त वेगाला. किंमत कोरड्या जमिनीवर, बंद गोदामात, कोणी हात न लावताही वाढू शकते. या निसर्गनियमाचा शोध कोणी लावला ते ठाऊक नाही. पण त्याची सर्वांत काटेकोर पडताळणी ठाणे जिल्ह्यात मौजे मिठबंदर येथे झाली याबद्दल दुमत नसावे. (असल्यास मंडळाकडे लेखी पाठवावे. तीन प्रती.)

मिठबंदर हे गाव डोंबिवलीच्या अंगाला, खाडीच्या काठी आहे. समोरच्या काठावर बोरपाडा. मधली खाडी अशी रुंद की इकडे सखुबाईने सुके बोंबील भाजायला घेतले की बोरपाड्याची मांजरे काठावर येऊन बसत. जाणेयेणे धाकूच्या होडीने. भाडे एक आणा, शेळीला अर्धा. भरती असली तर लगेच, ओहोटी असली तर धाकूची झोप झाल्यावर. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालू होती आणि तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. यावरून गाव किती मागासलेले होते हे लक्षात येईल.

सुधारणा आली ती एकोणीसशे एकोणपन्नासात. लढाईच्या दिवसांत लष्कराने गावची मिठागरे घेतली होती, त्यांचा मोबदला त्या साली मिळाला. त्यातला मोठा वाटा काळुरामशेठचा. (शेठ हे पद त्यांना मोबदल्यासोबतच मिळाले. आदल्या दिवसापर्यंत ते नुसते काळुराम होते आणि गुडघाभर चिखलात उभे असत.) त्याच महिन्यात त्यांच्या लक्ष्मीचा साखरपुडा बोरपाड्याच्या राघोशी झाला. मुलगी सतराची, मुलगा बावीसचा, जोडा चांगला, दोघांचे आधीच बघून झालेले. लग्न माघात करायचे ठरले. सगळे इतके सुरळीत चालले होते की कोणीतरी काहीतरी बोलणे भागच होते. ते राघोचे वडील अण्णा बोलले.

"काय काळुराम, आता पैशेवाला झालास. वऱ्हाड पन धाकूच्याच होरीतून आननार का?"

मांडवात हसू पिकले. काळुरामशेठ पान चावायचे थांबले.

"माजी पोर नव्या बोटीतून येल," ते म्हणाले. "इंजनाच्या. नवी बोट आल्याबिगर पोर धाडनार नाय. शब्द."

आमच्याकडे शब्द मागे घेता येत नाही. पुढे ढकलता येतो.

दुसऱ्याच दिवशी 'मौजे मिठबंदर शीघ्र-नौका खरेदी मंडळ' स्थापन झाले. अध्यक्ष काळुरामशेठ. चिटणीस गुरुदत्त मास्तर. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते ठाण्याच्या कोर्टात तीस वर्षे नकला करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे वाक्य सुरू होताना ऐकणारा उभा असला तर संपेपर्यंत बसलेला असे. त्यांनी पहिला ठराव लिहिला: उपलब्ध असतील त्यांपैकी सर्वांत वेगवान व नवी अशी यांत्रिक बोट खरेदी करण्यात यावी. या ठरावात चूक काढायला जागा नव्हती, आणि सगळी चूक तिथेच झाली. मास्तरांनी 'नवी' हा शब्द लिहिला.

बोट मुंबईच्या एका कंपनीकडे होती. तिथे कामाला असलेला ठाण्याचा रुडॉल्फ नाताळाच्या सुमारास भाव घेऊन आला. चाळीस हॉर्सपॉवर, किंमत साडेसहा हजार. रुडॉल्फचे घराणे कोळ्यांचे, बापजाद्यांनी वल्ही मारलेली. त्यामुळे इंजिनाच्या बोटीबद्दल तो अत्यंत आदराने, म्हणजे काहीही ठाऊक नसताना बोलत असे. मंडळाला भाव पसंत पडला. ठराव सह्यांसाठी फिरला. दोन सभासद सही करत नसत, त्यांचा अंगठा घ्यायचा होता. त्यातला एक सभासद सासुरवाडीला टिटवाळ्याला गेला होता आणि अंगठा सोबत घेऊन गेला होता. सह्या पुऱ्या झाल्या तेव्हा होळी येऊन गेली होती आणि कंपनीकडे त्या सालची नवी बोट आली होती.

"मग आपली ती?" काळुरामशेठनी विचारले.

"हाय ना. गोदामात," रुडॉल्फ म्हणाला. "कोनी हात नाय लावलाय."

"हात लावला नाही हे खरे," मास्तर म्हणाले, "पण ती आता नवी नाही. गेल्या सालची आहे. ठरावात नवी म्हटले आहे. नुसते वाट पाहूनसुद्धा जिन्नस जुना होतो, शेठ."

हे वाक्य त्या वेळी सर्वांना फार पटले. लक्ष्मी आतून चहा घेऊन आली होती. तिलाही ऐकू गेले.

नव्या बोटीचा भाव मागवला, तो आठ हजार चारशे. लग्न पुढच्या माघावर गेले. पुढच्या माघापर्यंत ठराव नव्याने फिरला आणि बोट पुन्हा जुनी झाली. या आणि पुढील वाढीची कारणे कंपनीने वेळोवेळी कळवली, ती अशी: दिल्लीत रुपया उतरला, कोरियात लढाई लागली, आयातीचा परवाना महाग झाला, परवान्याच्या अर्जाचा कागद महाग झाला, कोरियातली लढाई थांबली. (लढाई लागल्याने भाव चढला हे गावाला समजले होते. थांबल्यानेही चढला तेव्हा गावाचा कंपनीवर खरा विश्वास बसला. दोन्ही बाजूंनी पक्की असलेली माणसे कमी.)

वाढत्या किमतीने गाव खचेल असे एखाद्याला वाटेल. तो एखादा मिठबंदरचा नव्हे. साडेसहा हजारांची बोट न घेणारे गाव आणि अकरा हजारांची बोट न घेणारे गाव यांत साडेचार हजारांचा फरक असतो. तो गावाच्या चालण्याबोलण्यात दिसू लागला. कल्याणच्या बाजारात मिठबंदरचा माणूस वांगी घेताना भाव करीनासा झाला. "आमची बोट अकरा हजारांची हाय," असे तो सांगे आणि वांगी न घेता निघे; बोट काय, वांगी काय, न घेण्याची पद्धत एकच.

बोरपाड्याला हे सहन होणे शक्य नव्हते. अण्णांनी पलीकडे 'जलद-नौका खरेदी समिती' काढली आणि त्याच कंपनीची बारा हजारांची बोट न घ्यायला सुरुवात केली. मिठबंदरने लागलीच साडेबारा हजारांची न घ्यायचे ठरवले. दोन्ही गावांमध्ये धाकू या बातम्या इकडून तिकडे नेत असे. एक आणा.

मधल्या काळात गावाचे ज्ञान वाढले. किमतीबरोबर बोटीचे हॉर्सपॉवरही वाढत होते. हा शब्द ठरावात कसा बसवावा असा मास्तरांना प्रश्न पडला. 'अश्वशक्ती' लिहिले की अंगठेवाले सभासद बिचकत. म्हणून त्यांनी सरळ लिहिले: घोडे, साठ.

धाकू हे ऐकून अध्यक्षांकडे गेला.

"शेठ, साठ घोरं उभं ऱ्हातील कुठं? माज्या होरीत चौदा मानसं आनि दोन शेल्या. त्यात शेल्याच पाय देतान."

"घोरं आत असतान," काळुरामशेठ म्हणाले. अध्यक्ष असल्यामुळे त्यांना माहीत असणे भाग होते.

"दिसत नाय?"

"नाय."

"मग आत हान कशावरनं?"

"किंमत बग की."

धाकूचे समाधान झाले. जकातवाल्यांचे झाले नाही. ठरावाची नकल एका नाक्यावर गेली, तेथून विचारणा आली की साठ घोड्यांपैकी प्रत्येकाचा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला कुठे आहे. घोडे अदृश्य असल्याचे मास्तरांनी सविनय कळवले. उत्तर आले की अदृश्य जनावराचा दर तक्त्यात नमूद नाही, सबब सर्वांत मोठ्या जनावराचा आकारला जाईल. अशा रीतीने साठ हत्तींची जकात बोटीच्या किमतीत मिळवण्यात आली. सभेत कोणीतरी टाळी वाजवली.

खाडीचाही प्रश्न निघाला. रुडॉल्फ एकदा सहज बोलून गेला की या बोटीला पुरता वेग धरायला दीड मैल पाणी लागते. खाडी तर दोन फर्लांग. म्हणजे बोट वेगात येण्यापूर्वी बोरपाड्यात येणार, आणि काठावर न थांबता मारुतीच्या देवळात जाणार. मंडळाने दोन उपाय सुचवले. एक, खाडी रुंद करावी. संबंधित खात्याचे उत्तर आले: खाडी रुंद करण्याचे काम या खात्याकडे येत नाही, बुजवण्याचे असल्यास कळवावे. दुसरा उपाय म्हणजे बोरपाड्याने सव्वा मैल मागे सरकावे. अण्णांनी निरोप धाडला की आमची हरकत नाही, पण मुलीकडच्यांनी आधी सरकायची रीत आहे.

या सगळ्यात लक्ष्मी आणि राघो काय करत होते असा प्रश्न मंडळापुढे कधी आला नाही, म्हणून त्याची नोंद नाही. दर आश्विनात लक्ष्मीची आई सखुबाई लेकीच्या रुखवताचे पापड लाटायची आणि दर पावसाळ्यात घरचे ते खायचे. एवढे पापड खाणारे घर पंचक्रोशीत दुसरे नसेल. राघो भरतीच्या वेळी पलीकडच्या काठावर जाळे विणत बसे. लक्ष्मी अलीकडच्या काठावर भांडी घासत बसे. तिच्या घरची भांडी गावात सर्वांत लखलखीत होती.

मात्र एक बाई या प्रकरणात सुरुवातीपासून कामाला लागली होती. ती तुळसा धवलारीण. आमच्याकडे लग्न लागते ते धवलारणीच्या गाण्यावर. भटजी असो नसो, ती धवला गाते, गाण्यात नवरा-नवरीची नावे घेते, काय लेऊन आली, कशातून आली ते सांगते, आणि तिने सांगितले की ते झाले. तुळसाने पहिल्याच साली बोटीचा धवला रचून ठेवला होता:

चालीस घोऱ्यांची बोट गो, नवरी बसली मधी,
घोरं कुनाला दिसं ना, पानी कापती आधी.

साठ घोडे झाले तेव्हा तिने 'साठ' जरा लांबवून चालीत बसवले. उलट जास्तच बरे वाटले. पंचाहत्तर झाले तेव्हा तिचा दम अर्ध्यात सुटू लागला, पण ती जिद्दीची होती. मग आले सत्तावन साल. त्या सालात दोन गोष्टी नव्या निघाल्या: पैसे आणि घोडे. सरकारने आणे बंद करून नवे पैसे काढले, त्यामुळे बोट रातोरात चौदा हजारांवरून चौदा लाखांवर गेली. ('नवे पैसे' हे दोन शब्द काळुरामशेठ अगदी हळू उच्चारत.) आणि रुडॉल्फने कळवले की यंदाच्या बोटीत घोडे एकशे पंधरा.

तुळसाने ओटीवर बसून तीन वेळा म्हणून पाहिले. मग तिने पानाची चंची बांधली.

"नाय बसत," ती म्हणाली.

"काय नाय बसत?" काळुरामशेठनी विचारले.

"एकशे पंधरा. गान्यात नाय बसत. नवरी पान्यात पडते, घोरं तवर संपतच नाय. शंभर करा नाय तं साठ करा. पंधरा कोनाला दिसनार हान? काढा की."

हा तांत्रिक मुद्दा होता आणि मंडळाने तो तांत्रिक पातळीवरच हाताळला. पंधरा घोडे काढून बोट द्यावी असे कंपनीला लिहिले. कंपनीने कळवले की घोडे कमी केलेली बोट खास बनवावी लागेल, सबब दीड हजार जास्त पडतील. पंधरा घोडे नसण्याचा दर घोड्यामागे शंभर रुपये. असण्यापेक्षा नसणे महाग, हे ऐकून सभा सावरून बसली. इतका मान गावाला कधीच मिळाला नव्हता. काळुरामशेठ मंजुरी देणारच होते, इतक्यात धाकू पलीकडची बातमी घेऊन आला.

बोरपाड्याच्या समितीनेही ठराव केला होता. त्यांच्याकडेही एक लिहिणारा होता. ठराव असा की साखरपुडा एकोणपन्नासातला असून वधू त्या सालची आहे. आजमितीस ती नवी म्हणता येत नाही. सबब यंदाच्या मुली पाहण्यात याव्यात. आंबिवलीची एक सुचवण्यात आली आहे. राघो जेवायचा बंद झाला आहे, हे ठरावात नव्हते. ते धाकूने आपल्या पदरचे सांगितले.

काळुरामशेठचा चेहरा उतरला. मास्तरांनी ठराव मागवून वाचला आणि त्यात कायदेशीर दोष नसल्याचे जड अंतःकरणाने सांगितले. मसुदा त्यांच्याच ठरावावरून उचललेला होता.

लक्ष्मी राखेचे हात तसेच घेऊन सभेत आली. कोणी न मागवता सभेपुढे आलेली आठ वर्षांतली ही पहिलीच गोष्ट.

"बापूस," ती म्हणाली, "मना एक सांग. ती गोदामातली बोट, एकोनपन्नासची, तिला कोनी हात नाय लावला. मग ती काय करते हाय आता?"

काळुरामशेठनी कंपनीचे उत्तर घेऊन आलेल्या रुडॉल्फकडे पाहिले.

"ती?" रुडॉल्फ म्हणाला. "ती तं कदीच विकली."

"जुनी होती ना?" मास्तरांनी विचारले.

"जुनी कशी? आमी तिला तांबडा पट्टा मारला, एकावनची म्हनून विकली. ती पन आनि तिच्या संगतीच्या पन." सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो जरा गोंधळला. "म्हंजे काय, दर सालचा पट्टा नवा असतो. बावनला निला होता. बोट नवी म्हंजे पट्टा नवा आनि भाव नवा. तुमाना ठाव नव्हतं?"

ठाऊक नव्हते. आठ वर्षे मंडळाने वेग, घोडे, खाडी, कोरिया यांचा सांगोपांग अभ्यास केला होता. पट्ट्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. कोणी रागावले मात्र नाही. असे गुपित कळले की माणसाला फसल्यासारखे वाटत नाही, धंद्यात भागी मिळाल्यासारखे वाटते.

"रुडॉल्फ," लक्ष्मी म्हणाली, "तुजाकडं तो तांबडा रंग हाय?"

रंग होता. नमुन्याचा डबा तो कायम पिशवीत बाळगी. दुसऱ्या दिवशी धाकूच्या होडीला दोन्ही अंगांनी चार बोटे रुंद तांबडा पट्टा ओढण्यात आला. मास्तरांनी ओल्या रंगावर हात न लावता पाहणी केली आणि सदर होडी ठरावाच्या अर्थाने नवी असल्याचा दाखला दिला. वेगाबद्दल त्यांनी लिहिले: उपलब्ध असतील त्यांपैकी सर्वांत वेगवान. तेही खरेच होते. दुसरी उपलब्ध नव्हती.

भरती दुपारी होती. हळद लागली, वऱ्हाड बसले, चौदाच्या जागी एकवीस माणसे बसली, सखुबाई त्या सालचे पापड छातीशी धरून बसली. तुळसाने साठ घोड्यांचा धवला धरला. तो तिला सर्वांत जास्त आवडायचा. धाकू वल्हे मारताना 'साठ'वर जोर देत होता. पलीकडच्या काठावर अण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते. राघो त्यांच्या पुढे, पाण्यात.

"काळुराम," अण्णा ओरडले, "ही नवी बोट?"

"पट्टा दिसत नाय?"

"इंजन कुठं हाय?"

"आत."

"आनि घोरं?"

"घोरं पन आत."

अण्णांनी बराच वेळ होडीकडे पाहिले. त्यांच्या स्वतःच्या समितीच्या बोटीचेही घोडे आतच होते. त्यावर अधिक बोलणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. शेवटी त्यांनी विचारायचे तेच विचारले.

"केवऱ्याला परली?"

"चौदा लाख," काळुरामशेठ म्हणाले, आणि पुढचे दोन शब्द भरतीच्या पाण्यात सोडून दिले.

अण्णांची न आलेली बोट तेरा लाखांचीच होती. ते बाजूला झाले. राघोने होडी दोरीने ओढून घेतली. तुळसाने गाण्यात सांगितले की नवरी साठ घोड्यांच्या नव्या बोटीतून उतरली, आणि तिने सांगितले म्हणजे ते झाले. लक्ष्मी उतरताना तिच्या हिरव्या पातळाच्या काठाला पट्ट्याचा रंग लागला. तो डाग कधी गेला नाही. ती तो मुद्दाम वर दिसेल असे पातळ नेसते.

मंडळ अजून आहे. पंधरा घोडे नसण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

धाकूचे म्हणाल तर एक आण्याचे सहा नवे पैसे व्हायला हवे होते. त्याने दहा केले, बोट नवी असल्यामुळे. लोकांनी आनंदाने दिले. पुढच्या साली त्याने तांबड्यावर हिरवा पट्टा मारला आणि पंधरा केले. तेव्हा दोन-चार जण कुरकुरले, तर धाकूने त्यांना जुन्या भाड्यात जुन्या होडीतून नेण्याची तयारी दाखवली. फक्त जुनी होडी त्याच्याकडे नव्हती. तेही पंधरा देऊन बसले. हिरवी जरा जास्त पळते असे त्यांतल्या एकाचे मत पडले.

मिठबंदरच्या लोकांना आपण हसलात. जरूर हसावे. ही गोष्ट या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीतही होती, अक्षर न अक्षर हीच, घोडेसुद्धा साठच. तेव्हा पुस्तक पंचाहत्तर नव्या पैशांना होते आणि कोणी घेतले नाही. या खेपेस प्रकाशकांनी पुठ्ठ्यावर एक पट्टी ओढली, 'नवी आवृत्ती' असे लिहिले आणि किंमत दोन रुपये केली. ती आपण दिलीत. पट्टी तांबडीच आहे. पुस्तक मिटून खात्री करून घ्यावी. रंग ओला असल्यास बोटे पातळाला पुसू नयेत.